जीपमध्ये दुसरं इंजिन बसवताना: उतार किती द्यायचा, शाफ्टला जागा किती ठेवायची

जुन्या जीपमध्ये दुसरं इंजिन घालायचं ठरलं की गॅरेजमध्ये पहिली चर्चा होते ती बॉनेट बंद होईल का याची. खरं तर ती शेवटी करायची असते. इंजिन, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर (ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणारा गिअरचा डबा) एकमेकांना बोल्टने आवळले की तिघांचा उतार एकच होतो. तो उतार मागच्या प्रॉपेलर शाफ्टला, म्हणजे ट्रान्सफरपासून मागच्या ॲक्सलपर्यंत फिरणाऱ्या दांड्याला, मानवला नाही, तर इंजिन कितीही देखणं बसलेलं असो, गाडी त्रास देणारच. म्हणून मोजमाप मागच्या हाउसिंगपासून (ॲक्सलच्या ओतीव खोक्यापासून) सुरू करायचं आणि पुढे रेडिएटरपर्यंत यायचं. उलट्या क्रमाने बांधलेल्या गाड्या कोयनेच्या बाजूचे चढ लो गिअरमध्ये निमूट चढतात. पण कराडला हायवेला लागून ताशी ६० च्या पुढे गेल्या की पायाखालचा पत्रा थरथरायला लागतो.

पुढचं सगळं पाट्यांच्या आणि सलग ॲक्सलच्या गाड्यांबद्दल आहे: महिंद्राच्या सीजे, एमएम ५४०, एमएम ५५० या जीप आणि मारुती जिप्सी.

क्रॉस वाकला की काय होतं

तासगाव, पलूसकडे द्राक्षबागेत ट्रॅक्टरमागे ब्लोअर चालवणाऱ्यांना हे कानाने माहीत असतं. सरळ ओळीत पीटीओचा, म्हणजे ट्रॅक्टरमधून अवजाराला ताकद देणारा, शाफ्ट शांत फिरतो. ओळीच्या टोकाला पीटीओ चालू ठेवून वळलं की खडखड सुरू होते. तिथे शाफ्ट ५४० आरपीएमने फिरतो. जीपचा मागचा शाफ्ट हायवेवर त्याच्या चार-पाच पट वेगाने फिरतो, आणि क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा अधिकच्या चिन्हासारखा वळता सांधा) तोच.

साधा क्रॉस जॉइंट कोनात फिरवला की पलीकडची बाजू एकसारखी फिरत नाही. एका फेऱ्यात दोनदा पुढे पळते, दोनदा मागे रेंगाळते. ७ अंशांवर हा फरक जेमतेम पाऊण टक्का असतो, १५ अंशांवर साडेतीन टक्के, आणि ३० अंशांवर तेरा ते पंधरा टक्के. कोन दुप्पट झाला की फरक साधारण चौपट होतो, म्हणून ‘दोन-चार अंशांनी काय होतंय’ हे म्हणणं चालत नाही.

शाफ्टच्या दुसऱ्या टोकाचा क्रॉस ही चूक पुसून टाकतो, पण दोन अटींवर. दोन्ही टोकांचे कोन सारखे हवेत, फार तर एका अंशाचा फरक. आणि शाफ्टवरचे दोन्ही योक (क्रॉसला धरणारे दोन कानांचे चिमटे) एकाच रेषेत हवेत. तरीही मधली नळी स्वतः पुढे-मागे झटके खातच राहते. तिला वजन आहे, ती ट्रान्सफरच्या बेअरिंगला आणि पिनियनला (शाफ्ट जोडला जातो त्या ॲक्सलमधल्या छोट्या गिअरला) हादरे देते. त्यामुळे कोन सारखे असून भागत नाही, ते लहानही असावे लागतात. किती लहान, हे शाफ्टच्या वेगावर अवलंबून असतं. स्पायसर कंपनीच्या क्रॉस जॉइंटसाठी वर्षानुवर्षं वापरला जाणारा जास्तीत जास्त कोनाचा तक्ता असा:

५००० आरपीएम: ३ अंश १५ मिनिटं
४५०० आरपीएम: ३ अंश ४० मिनिटं
४००० आरपीएम: ४ अंश १५ मिनिटं
३५०० आरपीएम: ५ अंश
३००० आरपीएम: ५ अंश ५० मिनिटं
२५०० आरपीएम: ७ अंश
२००० आरपीएम: ८ अंश ४० मिनिटं
१५०० आरपीएम: ११ अंश ३० मिनिटं

कोन शून्यही नको. निदान अर्धा ते एक अंश पाहिजेच, नाहीतर क्रॉसच्या कपातल्या सुया (बेअरिंगच्या बारीक दांड्या) जागच्या हलत नाहीत, ग्रीस फिरत नाही आणि क्रॉसच्या दांड्यावर सुयांचे चरे पडतात. ‘एकदम सरळ रेषेत बसवलाय’ असं अभिमानाने दाखवलेला शाफ्ट क्रॉस लवकर खातो.

आता हा तक्ता आपल्या गाडीला लावू. ३१ इंची टायर, क्राऊन-पिनियन ४.८८ चं, म्हणजे शाफ्टचे ४.८८ फेरे झाले की चाकाचा एक. टायरचा परीघ सुमारे २.४७ मीटर. ताशी ८० म्हणजे मिनिटाला १३३३ मीटर, म्हणजे चाकाचे ५४० फेरे, म्हणजे शाफ्टचे २६३५. या वेगाला मर्यादा येते साडेसहा अंशांच्या जरा पुढे. ताशी ६० ला शाफ्ट १९७६ वर येतो आणि पावणेनऊ अंशांपर्यंत खपून जातं. गाडी हायवेवर किती वेगाने न्यायची हे आधी ठरवा. कोनाचं बजेट त्यातून निघतं.

मोजायच्या आधी गाडी उभी करणं

निम्म्या गाड्या इथेच चुकतात. इंजिन बाहेर, टाकी रिकामी, विंच (अडकलेली गाडी ओढायचं दोराचं यंत्र) अजून आलेलं नाही, अशा हलक्या गाडीवर मोजलेले कोन नंतर दोन-तीन अंशांनी सरकतात. ज्या पाट्यांवर गाडी चालणार तेच पाटे, तेच शॅकल (पाट्याचं टोक चासीला टांगणाऱ्या कड्या), तेच टायर लावून घ्या. इंजिन-गिअरबॉक्स चेन ब्लॉकने चासीत उतरवून लाकडी ठोकळ्यांवर टेकवा. टाकी भरलेली नसेल तर तिच्या जागी वजन ठेवा. पुढे विंच आणि जाड बंपर येणार असेल तर ३०-४० किलोचं विंच आणि बंपरचं वजन धरून तेवढा भार पुढे. दोन माणसांसाठी सिमेंटची किंवा साखरेची ५० किलोची तीन पोती सीटच्या जागी. मग गाडी दोन-चार वेळा दाबून, पुढे-मागे ढकलून पाट्यांना जागेवर बसू द्या. नवे पाटे काही आठवडे चालल्यावर थोडे बसतात, हेही हिशेबात असू द्या.

गॅरेजची जमीन तंतोतंत सपाट नसली तरी बिघडत नाही. क्रॉसचा कोन हा दोन मापांतला फरक असतो, जमिनीचा उतार त्यातून आपोआप वजा होतो. फक्त सगळी मापं गाडी न हलवता एका दमात घ्यायची. इंजिनाचा उतार मात्र चासीच्या संदर्भात लिहायचा: चासीच्या सरळ भागावर एक माप घ्या आणि ते बाकीच्यांतून वजा करा.

मापाला चुंबकी डिजिटल अँगल गेज घ्या, ०.१ अंश दाखवणारं. मोबाइलचं ॲप अर्ध्या-एक अंशाने सहज फसवतं. गेज विश्वासू आहे का ते पाहायला माप घ्या, गेज उलट तोंडाने त्याच जागी ठेवा आणि परत घ्या. दोन्ही आकडे जुळले पाहिजेत.

माप कुठे घ्यायचं? शाफ्ट काढून ट्रान्सफरच्या आऊटपुट फ्लँजच्या (शाफ्ट बोल्टने जोडायच्या चकतीच्या) तोंडावर, पिनियन फ्लँजच्या तोंडावर आणि क्रँक पुलीच्या तोंडावर. ही तोंडं आसाला काटकोनात असतात, म्हणून ९० मधून वजा करायचं. ओतीव बॉडीवर, टॅपेट कव्हरवर किंवा चेंबरच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याच्या) पत्र्यावर घेतलेलं माप मापच नव्हे. फ्लँजवरचा गंज आणि जुना रंग घासून काढा. अर्धा मिलिमीटर मळ १०० मिलिमीटरच्या तोंडावर पाव अंशाहून जास्त फरक पाडतो. शेवटी शाफ्टची रेषा: शाफ्ट बनलेला नसेल तर दोन्ही फ्लँजच्या केंद्रांमध्ये सरळ चौकोनी पाइप धरून त्यावर माप.

एक उदाहरण पूर्ण सोडवू

ट्रान्सफरचा आऊटपुट मागे ४ अंश झुकलेला. फ्लँज ते फ्लँज ७०० मिलिमीटर, आणि पिनियन आऊटपुटपेक्षा १३५ मिलिमीटर खाली. शाफ्टचा उतार येतो ११ अंश. दोन्ही उतार एकाच दिशेचे, म्हणून वजाबाकी: पुढचा क्रॉस ७ अंशांवर. मागच्या क्रॉसलाही ७ हवेत, तर पिनियनचं नाक ४ अंश वर हवं, म्हणजे ट्रान्सफरच्या आसाला समांतर. पिनियन आडवं शून्यावर राहिलं तर मागे ११ अंश होतात आणि चार अंशांचा फरक तसाच उरतो. ती गाडी थरथरणारच.

आता चार इंच, म्हणजे १०० मिलिमीटर लिफ्ट द्या, म्हणजे ॲक्सलवर गाडी तेवढी उंच करा. उंचीतला फरक २३५, शाफ्टचा उतार एकोणीस अंशांच्या आसपास, क्रॉसचा कोन पंधराच्या आसपास. तक्त्यात हा आकडाच नाही. लिफ्ट न देता नुसता १५० मिलिमीटरने लांब गिअरबॉक्स घातला तरी शाफ्ट ५५० चा उरतो आणि क्रॉसचा कोन ७ वरून १० च्या पुढे जातो. मग ताशी ५० च्या आसपासच मर्यादा संपते. आखूड व्हीलबेसच्या जीपमध्ये गिअरबॉक्सची लांबी ही इंजिनाच्या ताकदीपेक्षा मोठी अडचण आहे. इंजिन निवडतानाच बेल हाउसिंगपासून (इंजिनाला जोडलेल्या, क्लच झाकणाऱ्या कवचापासून) ट्रान्सफरच्या फ्लँजपर्यंत टेप लावा.

यावर पहिला उपाय ट्रान्सफर खाली घेण्याचा. क्रॉस मेंबर (ट्रान्सफरला खालून आधार देणारी चासीची आडवी पट्टी) २५ मिलिमीटर खाली सरकवला तर शाफ्टचा उतार दोन अंशांनी कमी होतो. शिवाय पुढच्या फाउंडेशनपासून (इंजिनाच्या रबरी आधारापासून) तो मीटरभर मागे असेल तर इंजिनाचा उतार जवळपास दीड अंशाने वाढतो. दोन्ही मिळून वरच्या पहिल्या उदाहरणात ७ चे साडेतीन होतात. किंमत म्हणजे पोटाखालची २५ मिलिमीटर उंची. दगडाळ ओढ्यात ती जाणवते, तेव्हा खाली ६ मिलिमीटरची स्किड प्लेट घ्या.

मात्र इंजिन मागे झुकवून मिळालेला प्रत्येक अंश पुढच्या शाफ्टला मोजावा लागतो. ट्रान्सफरचा आस पुढच्या बाजूला वर चढलेला असतो आणि पुढचा शाफ्ट खाली उतरतो, त्यामुळे तिथे वजाबाकी नसून बेरीज आहे. ४ अंश उतार आणि ८ अंश शाफ्ट म्हणजे पुढचा क्रॉस १२ अंशांवर. उतार ६ केला की १४.

इंजिनाला मागे किती झुकवायचं

बहुतेक उभी इंजिनं कंपनीतूनच मागे दोन ते पाच अंश झुकलेली येतात. डोनर गाडीतून, म्हणजे ज्या गाडीचं इंजिन घेताय तिच्यातून, इंजिन काढण्याआधी तिथला उतार आणि आडवा कल, दोन्ही मोजून चेंबरवर मार्करने लिहून ठेवा. तो कंपनीचा आकडा, त्यात दीड-दोन अंशांपर्यंत कमीजास्त करायला हरकत नाही. आडवा कल बदलू नका.

जास्त झुकवलं तर बिघडतं ते असं. चेंबरमधलं ऑइल मागे सरकतं. ३०० मिलिमीटर लांबीत दर ३ अंशांना एका टोकाची पातळी दुसऱ्यापेक्षा सुमारे १६ मिलिमीटरने बदलते. ऑइल पंपाची जाळी पुढच्या बाजूला असेल तर तीस अंशांच्या चढावर ती उघडी पडायला वेळ लागत नाही, आणि ऑइलचा दिवा अशा वेळी नेमका दिसत नाही. गिअरबॉक्सचा लेव्हल प्लगही कंपनीच्या उतारासाठी असतो. कार्ब्युरेटरची गाडी असेल तर मॅनिफोल्डचं तोंड जवळपास आडवं राहील हे बघा, नाहीतर फ्लोटची पातळी चुकते आणि चढावर पेट्रोल वाहतं.

म्हणून ऑइल डिपस्टिकवर विसंबून भरायचं नाही. इंजिनाच्या माहितीपुस्तकातलं फिल्टरसह लिटरचं माप मोजून भरा, पाच मिनिटं चालवून बंद करा, पंधरा मिनिटं थांबा, आणि डिपस्टिकवर जिथे पातळी येते तिथे नवी खूण करा. गिअरबॉक्ससाठी सोपी युक्ती आहे: भरताना गाडीचं एक टोक जॅकने उचलून गिअरबॉक्स कंपनीच्या उतारावर आणा आणि मग प्लगपर्यंत भरा.

फॅन इंजिनावर असेल तर उताराने त्याची पातही तिरकी होते. ४०० मिलिमीटरच्या फॅनमध्ये ४ अंशांना वरच्या आणि खालच्या कडेत २८ मिलिमीटरचा फरक पडतो. खालची कड रेडिएटरच्या जवळ येते. मोजमाप खालच्या कडेला घ्या.

वरून बघितल्यावर

बाजूने सगळं जुळलं तरी वरून शाफ्ट तिरका असू शकतो. जुन्या जीपच्या डाना १८ ट्रान्सफरमध्ये मागचा आऊटपुट मधोमध नसून उजवीकडे असतो, आणि त्या गाडीचं मूळ हाउसिंगही त्याच्या समोर सरकवलेलं असतं. तिथे मधोमध डिफरन्शियल असलेलं दुसरं हाउसिंग घातलं की आडवा कोन तयार होतो. १५० मिलिमीटरचा सरक ७०० च्या शाफ्टवर म्हणजे १२ अंश. उभा ७ आणि आडवा १२ यांची साधी बेरीज होत नाही; दोघांचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढायचं, येतात सुमारे १४. शाफ्टला हे १४ झेपवायचे आहेत, ७ नव्हे.

हे तपासायला गवंड्याचा ओळंबा पुरतो. चासीच्या चार ठरलेल्या भोकांतून, क्रँक पुलीच्या मध्यातून, ट्रान्सफरच्या आणि पिनियनच्या फ्लँजच्या मध्यातून जमिनीवर ओळंबे सोडा, खडूने ठिपके करा, सुतळीने रेषा मारा. इंजिन चासीच्या मध्यरेषेपासून बाजूला असलं तर चालतं, स्टिअरिंग बॉक्स वाचवायला ते तसं करावंही लागतं. मध्यरेषेला समांतर मात्र असलंच पाहिजे.

फाउंडेशन

शिडीसारखी चासी ओढ्या-नाल्यात पिळवटते. चार कोपऱ्यांत घट्ट बसवलेलं इंजिन त्या पिळात अडकतं आणि गिअरबॉक्सचे कान तुटतात. त्यापेक्षा तीन ठिकाणी आधार द्या: इंजिनाच्या दोन बाजूंना दोन रबर, मागे गिअरबॉक्सखाली किंवा ट्रान्सफरखाली एक. ट्रान्सफर जड असेल तर त्याला वेगळी आवळ-दांडी रबरासह जोडा. रबर त्याच इंजिनाच्या मूळ गाडीचे घ्या. ट्रकचे कडक रबर टाकले तर डिझेल इंजिनाचा प्रत्येक ठोका चासीत उतरतो. थरथर शाफ्टमधून येत असेल तर कुठलेही रबर टाकून ती जात नाही.

ब्रॅकेट आधी पुठ्ठ्यातून कापा, मग ६ मिलिमीटरच्या एमएस प्लेटमधून. कोपऱ्यात त्रिकोणी आधारपट्टी हवीच. बोल्ट १० किंवा १२ मिलिमीटरचे, ८.८ ग्रेडचे, नायलॉक नटसह. टाके (वेल्डिंगचे तात्पुरते ठिपके) मारताना रबर पूर्ण मोकळे, न दाबलेले, न ताणलेले असले पाहिजेत. इंजिन जबरदस्तीने पहारीने सरकवून बोल्ट घातला, तर रबर पहिल्या दिवसापासून तिरका राबतो.

आत्ता फक्त टाके. पूर्ण वेल्डिंग सगळी तपासणी झाल्यावर. ते करताना बॅटरीचे दोन्ही टर्मिनल काढा, इंजिन सीआरडीआय (इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचं डिझेल) असेल तर ईसीयूचा, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचा, सॉकेटही. अर्थचा चिमटा वेल्डिंगच्या अगदी शेजारी लावा. तो लांब हाउसिंगला लावला तर करंट क्रॉसच्या सुयांमधून आणि बेअरिंगमधून जातो आणि तिथे ठिणग्यांचे खड्डे पडतात. चासीच्या वरच्या-खालच्या पट्टीवर आडवा टाका कधीच नको, चासी तिथूनच फाटते. आधी चौकटीच्या उभ्या बाजूवर टोकं तिरकी कापलेली प्लेट लांबीच्या दिशेने वेल्ड करा आणि ब्रॅकेट तिच्यावर.

जागा किती सोडायची

इंजिन स्थिर नसतं. गिअरमध्ये जोर लागला की रबरावर ते १०-१५ मिलिमीटर कलतं, आणि ब्रेक दाबला की पुढे झुकतं. उभ्या गाडीत मोजलेल्या मापातून हे वजा जातं.

रेडिएटर आणि फॅन यांच्यात २५ मिलिमीटर, पाण्यातून गाडी न्यायची असेल तर त्याहून जास्त, कारण पाण्यात प्लास्टिकची पाती पुढे वाकून थेट जाळीत घुसतात. खोल पाण्यात शिरताना फॅन थांबवता येत असेल तर उत्तम. बेल हाउसिंग आणि फायरवॉलमध्ये २५. सायलेन्सरच्या पाइपापासून शाफ्ट २५, ब्रेकची नळी आणि डिझेलची नळी निदान ७५, नाहीतर मध्ये पत्र्याचा आडोसा. स्टिअरिंगच्या दांड्याभोवती २० सगळीकडून, चाक दोन्ही टोकांना फिरवून बघा. शाफ्टची नळी आणि क्रॉस मेंबर यांच्यात पूर्ण लोंबत्या स्थितीत, म्हणजे गाडी उचलून ॲक्सल खाली लोंबत असताना, २० ते २५.

चेंबर आणि पुढचं हाउसिंग यांच्यातली जागा वेगळी बघायची, कारण ती सगळ्यात फसवी. चाकं जमिनीवर असताना हाताचा पंजा सहज जातो, पण पाटे पूर्ण दबले की हाउसिंग थेट चेंबरच्या दिशेने येतं, आणि एकच चाक दबलं तर तिरकं येतं. पूर्ण दाबात ४० मिलिमीटर उरले पाहिजेत. टाय रॉडही (पुढची दोन्ही चाकं एकत्र वळवणारा दांडा) तपासा. चेंबर कापून उथळ करणं हा शेवटचा मार्ग. त्यात ऑइल कमी होतं आणि जाळीची उंची बदलावी लागते. त्याआधी बंप स्टॉप (ॲक्सलला ठरावीक उंचीवर अडवणारं रबर) उंच करा.

दाबून आणि लोंबवून बघणं

हे टाळण्याकडे सगळ्यांचा कल असतो, कारण यात अर्धा दिवस जातो. शॉक ॲब्सॉर्बर काढा, पाट्यांचा मुख्य पाटा ठेवून बाकीचे काढून ठेवा, म्हणजे जॅकने हाउसिंग वर-खाली सहज नेता येईल. चासी चार घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर). हाउसिंग बंप स्टॉपला टेकेपर्यंत वर, मग पूर्ण लोंबवून, मग एक चाक वर आणि दुसरं खाली, दोन्ही बाजूंनी. प्रत्येक स्थितीत शाफ्ट हाताने पूर्ण एक फेरा फिरवा.

लोंबत्या स्थितीत योकचे कान एकमेकांना टेकतात का ते बघा. फेऱ्यात कुठेही अडकलं किंवा दीड-दोन मिलिमीटरपेक्षा कमी फट राहिली, तर तो जॉइंट पहिल्याच उडीत फुटेल. कान ग्राइंडरने थोडे घासता येतात, पण फार घासले तर योक कमजोर होतो. त्यापेक्षा लिमिट स्ट्रॅप (ॲक्सलला फार खाली जाऊ न देणारा पट्टा) लावून लोंबणंच कमी करा.

स्लिपची, म्हणजे शाफ्टच्या आत-बाहेर सरकणाऱ्या दातेरी जोडाची, लांबी इथेच ठरते. पूर्ण दाबात किंवा जिथे शाफ्ट सगळ्यात आखूड होतो तिथे आत निदान १५-२० मिलिमीटर मोकळे राहावेत. नाहीतर शाफ्ट खुंट्यासारखा ट्रान्सफरवर आदळतो आणि मागचं बेअरिंग किंवा बॉडी फुटते. सगळ्यात लांब स्थितीत स्प्लाइनच्या (त्या दातेरी दांड्याच्या) जाडीएवढी तरी पकड आत उरली पाहिजे. शॅकल पुढे आहे की मागे, यावर हाउसिंग दबताना कुठे सरकतं ते अवलंबून असतं, म्हणून अंदाज न करता मोजा.

पिनियनचं नाक वळवणं

पाट्यांच्या गाडीत जोर लागला की पिनियनचं नाक वर उचललं जातं. म्हणून उभ्या गाडीत ते हिशेबापेक्षा एक-दोन अंश खाली ठेवतात, म्हणजे जोरात असताना ते बरोबर जागी येतं. चारपेक्षा कमी पाटे असतील किंवा ते मऊ असतील तर दोन अंश धरा.

तीन-चार अंशांपर्यंत पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये पाचर चालते, लोखंडी. ॲल्युमिनियमची चेपते आणि यू-बोल्ट सैल पडतात. पाट्याची रुंदी आणि पाचरीची रुंदी सारखी हवी, सेंटर बोल्ट लांब घ्यावा लागतो. जाड टोक कुठे, यात बऱ्याचदा गोंधळ होतो. मागच्या ॲक्सलचं नाक वर घ्यायचं असेल आणि पाटे ॲक्सलच्या खालून असतील, जसे जुन्या जीपला असतात, तर जाड टोक पुढे. पाटे ॲक्सलच्या वर घेतले असतील तर जाड टोक मागे. याहून जास्त फिरवायचं असेल तर पाट्याची बैठक कापून नव्याने वेल्ड करा, पाचरीवर पाचर नको.

शाफ्टचा कोन कशानेही बसत नसेल तर ट्रान्सफरच्या टोकाला डबल जॉइंट (दोन क्रॉस एकत्र जोडलेला) घ्या. तिथे नियम बदलतो: पिनियन ट्रान्सफरच्या आसाला समांतर न ठेवता त्याचं नाक थेट शाफ्टच्या रेषेत करायचं, एक-दोन अंश खाली. डबल जॉइंट लांब असतो, ५०० मिलिमीटरच्या आत त्याचा उपयोग अवघड.

पुढच्या ॲक्सलला मात्र नाक वळवताना हात आखडता घ्या. नाक वर केलं की कॅस्टर (चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) तेवढाच कमी होतो आणि गाडी रस्त्यावर भटकायला लागते, स्टिअरिंग सोडलं की सरळ येत नाही. कॅस्टर आणि शाफ्ट यांत भांडण झालं तर कॅस्टर जिंकू द्या. फ्री व्हील हब (पुढची चाकं ॲक्सलपासून मोकळी करणारे) असतील तर हायवेवर पुढचा शाफ्ट फिरतच नाही, फोर बाय फोर मध्ये वेग कमी, म्हणून तिथे मोठा कोन खपतो. हब नसतील तर चाकं तो शाफ्ट कायम फिरवत ठेवतात आणि ही सवलत मिळत नाही.

जिप्सीत ट्रान्सफर गिअरबॉक्सपासून वेगळं असतं, मध्ये एक छोटा शाफ्ट. लिफ्टने त्याला काही होत नाही, इंजिन बदलल्याने होतं. तो गिअरबॉक्सच्या आऊटपुटच्या वेगाने फिरतो, पाचव्या गिअरमध्ये इंजिनापेक्षाही जलद. त्याला ३ अंशांच्या आत ठेवा, आणि ट्रान्सफरचे रबर आधी बदला. ते फाटलेले असतील तर बाकी मोजण्यात अर्थ नाही.

शाफ्ट बनवून घेताना

सांगली, मिरज, कराडकडे ट्रकचे शाफ्ट करणारे लेथवाले आहेत, पण उसाच्या हंगामात त्यांच्याकडे ट्रक आणि ट्रॉल्यांची रांग असते. काम दिवाळीआधी उरका किंवा उन्हाळ्यात काढा. माप फ्लँजच्या तोंडापासून तोंडापर्यंत, भार ठेवलेल्या गाडीवर, आणि सोबत सगळ्यात आखूड-सगळ्यात लांब हे दोन आकडेही द्या. योक एका रेषेत हवेत हे सांगून ठेवा. परत आल्यावर नळीच्या मध्यावर डायल गेज लावा, अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त डगमग असेल तर परत करा. डायनॅमिक बॅलन्सिंग झालेलंच घ्या. स्लिपच्या दोन्ही भागांवर पंचने बाणाची खूण करा. एक दात चुकून जोडलेला शाफ्ट नवा असूनही थरथरतो.

कागदांचंही याच टप्प्यावर बघा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचे तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. इंजिन बदलायचं तर साताऱ्याची एमएच ११ असो, कराडची एमएच ५० की सांगलीची एमएच १०, आधी आपल्या आरटीओची परवानगी आणि मग आरसीवर नोंद. ती नसली की विमा कंपनीला दावा फेटाळायला कारण मिळतं.

रस्त्यावर

पहिली चाचणी रिकाम्या रस्त्यावर, ४०, ५०, ६०, ७० अशा टप्प्यांनी. थरथर ठरावीक वेगाला येते आणि ॲक्सिलरेटर सोडला-दाबला की बदलते, तर कोन. वेगाबरोबर नुसती वाढत जाते, ॲक्सिलरेटरने फरक पडत नाही, तर बॅलन्स किंवा वाकलेली नळी. थांबून निघतानाच झटका येतो, तर पाटे पिळतायत आणि नाक वर जातंय. त्याच वेगाला न्यूट्रल करून बघा. थरथर गेली नाही तर इंजिन निर्दोष. पिनियनचं सील वारंवार गळत असेल तर सील बदलत बसू नका, कोन परत मोजा.

खडकाळ चाचणी खासगी जमिनीवर किंवा बंद खाणीत, मालकाला विचारून. कास पठार, कोयना, चांदोली हे २०१२ पासून जागतिक वारसा यादीतल्या पश्चिम घाटाचे भाग आहेत. तिथे गाडी रस्त्याखाली उतरवायची नसते.

पहिल्या १०० किलोमीटरनंतर यू-बोल्ट, फाउंडेशनचे नट आणि फ्लँजचे बोल्ट टॉर्क रेंचने परत आवळा. पिनियनचा कोन पुन्हा मोजा, नवे पाटे बसल्याने तो अर्धा-एक अंश हललेला असतो. पाण्यातून गाडी गेली असेल तर त्याच दिवशी सगळ्या क्रॉसना आणि स्लिपला ग्रीस भरा, जुनं ग्रीस चारही कपांतून बाहेर येईपर्यंत. एखाद्या कपातून ते येत नसेल तर तो क्रॉस काढून बघा.